माल किती लांबून आला यापेक्षा तो कसा बनला, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी अर्थशास्त्रात एम.ए. करतोय. प्रकल्पाचा विषय आहे, देशातल्या देशात एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या मालामुळे कार्बन उत्सर्जन वाढतं की घटतं. मार्गदर्शक म्हणतात, व्यापाराने कार्यक्षमता वाढते, म्हणून घटतं. घरी वडील म्हणतात, लांबून आणलं की डिझेल जळतं, जवळचं घ्यावं. नेमकं काय धरू? आकडे कुठून आणू?"

मी बावीस वर्षं कारखान्यांची ऊर्जा तपासणी करते. गेली काही वर्षं त्यात कार्बनचा हिशेबही आला. तुमच्या वडिलांचा मुद्दा मला रोज ऐकायला मिळतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एका बांधकाम कंपनीने ठरवलं होतं की उत्सर्जन कमी करायचं, तर सगळा माल १०० किलोमीटरच्या आतूनच घ्यायचा. खडी, वाळू, सिमेंट, लोखंडी सळई, सगळ्यांना एकच नियम. हेतू अगदी चांगला होता. पण आम्ही वस्तूगणिक हिशेब मांडला तेव्हा खडीला तो नियम बरोबर बसला आणि सळईला साफ उलटा पडला.

सळईचं गणित बघा. भारतात खाणीतल्या लोहखनिजापासून झोतभट्टीत पोलाद करताना टनामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जालन्यासारख्या ठिकाणी विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. त्यांत भंगार वितळवलं तर टनाला साधारण ६०० युनिट वीज लागते. देशाच्या ग्रिडमधलं, म्हणजे वीजजाळ्यातलं, एक युनिट म्हणजे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे झाले ४२० किलो. पण भट्टीत नुसतं भंगार क्वचितच पडतं, सोबत स्पंज आयर्न असतं, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला प्राणवायू काढून केलेलं लोखंड. आपल्याकडचं बरंचसं स्पंज आयर्न कोळशावर होतं आणि एक टन स्पंज आयर्नला एक टनाहून जास्त कोळसा खर्ची पडतो. निम्मं भंगार आणि निम्मं स्पंज धरलं की सळईचा आकडा टनाला दीड टनाच्या पुढे जातो. म्हणजे एकाच जाडीची, एकाच दर्जाची सळई असली तरी तिच्या पोटातला धूर, म्हणजे ती बनताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड, अर्ध्या टनापासून अडीच टनांपर्यंत काहीही असू शकतो.

आता वाहतूक. २५ टनांचा ट्रक १,००० किलोमीटर आला, भरलेला असताना लिटरला साडेतीन किलोमीटर चालला, तर २८६ लिटर डिझेल लागलं. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार केला की ७६५ किलो, आणि टनामागे ३१ किलो. तो ट्रक रिकामा परत गेला तर त्याचंही डिझेल आपल्याच खात्यात धरायचं. मग टनामागे ५० किलोच्या थोडं वर. हाच माल रेल्वेने आला तर टनामागे १० किलोच्या आसपास.

एका बाजूला सळई कशी बनली त्यातला एक-दोन टनांचा फरक, दुसऱ्या बाजूला हजार किलोमीटरच्या रस्त्याचे ५० किलो. त्या कंपनीने जवळच्या गिरणीचा जास्त स्पंजचा माल घेतला आणि ११०० किलोमीटरवरचा भंगाराचा माल अंतराकडे बघून नाकारला. हिशेब मांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की किलोमीटर वाचवताना धूर वाढला होता.

खडीचं मात्र वेगळं आहे. दगड फोडून चाळायला टनामागे जेमतेम काही किलो उत्सर्जन होतं. २० टनांचा डंपर १०० किलोमीटरवर भरून गेला आणि रिकामा परतला तर ५५ लिटर डिझेल, म्हणजे टनामागे ७ किलोहून जास्त. इथे वाहतूक हाच खरा धूर आहे. तुमच्या वडिलांचा नियम खडी, वाळू, माती, विटा यांना लागू पडतो. उसालाही पडतो. दहा टन ऊस गाळला की एक टनाच्या आसपास साखर निघते, म्हणून कारखाना उसाच्या जवळच हवा, दहा टन वजन लांब नेण्यात अर्थ नाही. सिमेंटचंही निम्मं तसंच. चुनखडी भाजून जे गोळे होतात ते क्लिंकर, ते दळून सिमेंट होतं. क्लिंकरला त्याच्या दीडपट चुनखडी लागते, म्हणून भट्ट्या कोरपना-वणीच्या पट्ट्यात चुनखडीच्या उशाला असतात. क्लिंकर दळायची गिरणी मात्र शहराजवळ चालते, विशेषतः जवळपास औष्णिक केंद्राची राख मिळत असेल तर.

राखेवर थोडं थांबते, कारण व्यापाराने उत्सर्जन निखालस कमी होतं याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. क्लिंकर भाजताना चुनखडीतूनच टनामागे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. तुम्ही भट्टीत कोळशाऐवजी दुसरं काहीही जाळा, तो सुटणारच. त्यावर हातातला उपाय म्हणजे क्लिंकर कमी वापरणं. कोराडी, परळी, एकलहरे इथल्या औष्णिक केंद्रांची राख सिमेंटमध्ये ३० टक्क्यांपर्यंत मिसळली की तेवढा क्लिंकर वाचतो. ती राख ३०० किलोमीटर नेली तरी डिझेलचा धूर क्लिंकरच्या धुरापुढे किरकोळ असतो. एका भागात तळ्यात साठून पडलेली आणि उन्हाळ्यात गावांवर उडणारी राख दुसऱ्या भागात कच्चा माल होते. असा व्यापार वाढायलाच हवा.

इथवर एवढं हाती लागलं: टनामागे बनवण्याचा धूर मोठा आणि कारखान्या-कारखान्यांत फरकही मोठा असेल, तर अंतराला फार किंमत नाही. बनवण्याचा धूर लहान आणि वजन मोठं असेल, तर अंतर हेच सगळं. तुमच्या प्रकल्पात "व्यापार" असा एकच शब्द घेऊन उत्तर येणार नाही. आधी वस्तू निवडा.

आता विजेकडे वळते. राज्याराज्यांत आणि राज्यातल्या भागाभागांत धूर इकडचा तिकडे होण्याची ही सगळ्यात मोठी वाट आहे.

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र तुम्हाला माहीत असेल. तिथून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाबाची एकदिश वाहिनी १९९९ पासून आहे, तिची क्षमता १,५०० मेगावॅट. विदर्भात कोळसा जळतो आणि मुंबई-ठाण्यात दिवे लागतात. मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारते, कोळसा मुंबईला नेऊन तिथे जाळला असता तर उत्सर्जन वाढलं असतं की घटलं असतं? बहुतेक जण म्हणतात वाढलं असतं, एवढा कोळसा वाहायचा म्हणजे काय. हिशेब करून बघा. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो. तो ७५० किलोमीटर रेल्वेने नेला तर टन-किलोमीटरला १० ग्रॅम या दराने फक्त ५ ग्रॅम उत्सर्जन होतं. रिकाम्या वाघिणी परत येतात म्हणून दुप्पट करा, १० ग्रॅम. उलट वीज तारेने नेली की वाटेत गळती होते. ती ५ टक्के धरली आणि कोळशाचं एक युनिट म्हणजे किलोभर कार्बन डायऑक्साइड धरला, तर गळतीपोटी ५० ग्रॅम जास्त जळले. केवळ कार्बन पाहिला तर तारेपेक्षा रेल्वे हलकी.

मग खाणीजवळ केंद्रं का? पैसा, जमीन, पाणी, राख टाकायची जागा, आणि शहराच्या हवेत धूर नको म्हणून. आपल्या कोळशात ३५-४० टक्के राख असते, म्हणजे रेल्वे एक तृतीयांशाहून जास्त दगडच वाहते. ५०० किलोमीटरपलीकडे न्यायचा कोळसा धुऊन ३४ टक्क्यांच्या आत राख आणावी, असा नियम केंद्राने २०१४ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरवलं. मे २०२० मध्ये तो मागे घेतला. मला तो निर्णय पटला नाही. धुण्याच्या खर्चाचा मुद्दा मान्य आहे, पण त्या दगडाचा त्रास वाहतुकीत थोडा आणि जिथे राख साचते तिथे फार होतो, हे त्यात लक्षात घेतलं गेलं नाही.

विजेच्या व्यापारात दुसरा टप्पा आला ३१ डिसेंबर २०१३ ला. त्या दिवशी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनी जोडली गेली, दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका लयीत चालू लागलं आणि देशाचं एकच ग्रिड झालं. तुमचे मार्गदर्शक म्हणतात ती कार्यक्षमता इथे दिसते: जिथे वीज स्वस्त तिथून ती महाग ठिकाणी जाऊ लागली. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ग्रिडमध्ये कुठलं केंद्र आधी चालवायचं हे युनिटच्या बदलत्या, म्हणजे मुख्यतः इंधनाच्या, खर्चावरून ठरतं, धुरावरून ठरत नाही. खाणीच्या तोंडावरचं जुनं कोळसा केंद्र लांबच्या वायूवरच्या केंद्रापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून ते आधी चालतं. तेव्हा व्यापार वाढला, खर्च घटला आणि कार्बन वाढला, असंही होऊ शकतं. याच तारा दिवसा राजस्थानातली सौर वीज आणतात. तिला इंधनाचा खर्चच नाही, त्यामुळे ती रांगेत सगळ्यांच्या पुढे येते आणि तेवढा कोळसा खरोखर वाचतो. तीच तार दुपारी उत्सर्जन घटवते आणि रात्री वाढवू शकते.

सौर आणि पवन विजेला दुसऱ्या राज्यात नेण्याचं पारेषण शुल्क माफ होतं. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांना ती पूर्ण माफी मिळाली. अंतराची किंमत शून्य केली की काय होतं याचा तो जिवंत प्रयोग होता. राजस्थानातल्या भडलासारख्या ठिकाणी, जिथे ऊन भरपूर आणि जमीन स्वस्त, तिथे प्रकल्प एकवटले. कार्बनच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. फक्त पॅनल उभे राहायला वर्ष पुरतं आणि तारा टाकायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, म्हणून काही वेळा तयार वीजही पाठवता येत नाही.

मार्गदर्शकांशी बोलताना आणखी एक चौकट उपयोगी पडेल. जीन ग्रॉसमन आणि अॅलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार करारावर लिहिताना व्यापाराचे पर्यावरणावरचे परिणाम तीन भागांत मांडले: एकूण उत्पादन वाढतं तो आकाराचा परिणाम, कुठे काय बनतं ते बदलतं तो रचनेचा, आणि तंत्र सुधारतं तो तंत्राचा. ते देशादेशांबद्दल बोलत होते, पण राज्यांनाही ही चौकट बसते. मार्गदर्शक जे सांगतात तो तिसरा परिणाम आहे. पहिले दोन विसरू नका.

पहिल्या परिणामाचं उदाहरण जीएसटी. १ जुलै २०१७ पूर्वी कंपन्या केंद्रीय विक्रीकर टाळायला राज्याराज्यांत लहान गोदामं ठेवत. तो कर गेला, सीमेवरचे तपासणी नाके गेले. दहिसर आणि मुलुंडच्या जकात नाक्यावर रात्रभर इंजिन सुरू ठेवून उभे असलेले ट्रक मी पाहिले आहेत, तेही थांबलं. भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी गोदामं आली, मोठे ट्रक भरून जाऊ लागले. २०१८ मध्ये ट्रकच्या एक्सलवरचं परवानगीचं वजनही वाढवलं. टनामागे डिझेल कमी झालं, यात मला शंका नाही. पण वाहतूक स्वस्त आणि जलद झाली की माल आणखी लांब जातो आणि जो माल पूर्वी रेल्वेने गेला असता तोही रस्त्यावर येतो. टनामागचा धूर घटला म्हणून एकूण धूर घटला असं गृहीत धरू नका, दोन्ही वेगळे मोजा.

रचनेवर सरकारी धोरणाचा हात केवढा मोठा असतो, हे बघायला मालवाहतूक भाडे समानीकरण वाचा. १९५० च्या दशकापासून पोलाद आणि सिमेंट देशभर एकाच दराने मिळेल अशी सोय केली होती, ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संपली. झारखंड आणि ओडिशाच्या खाणींजवळ कारखाना काढण्याचा फायदाच राहिला नाही, पश्चिमेला आणि दक्षिणेला उद्योग वाढले, पूर्वेकडून पोलाद वाहत राहिलं. महाराष्ट्राला त्याचा लाभ झाला, हे आपण मान्य करायला हवं.

रस्ता की रेल्वे हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण त्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशातला बहुतेक माल रेल्वेने जायचा, आज दोन तृतीयांशाहून जास्त रस्त्याने जातो. कारण साधं आहे. एका पूर्ण रेकला, म्हणजे अख्ख्या मालगाडीला, अडीच हजार टनांच्या वर माल लागतो. लासलगावच्या व्यापाऱ्याकडे कोलकात्याला पाठवायला वीस टन कांदा असतो, आणि तो उद्याच निघायला हवा असतो. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली तेव्हा हीच अडचण सोडवायची होती: वेगवेगळ्या शेतकऱ्यांचा थोडा थोडा माल एकत्र करून न्यायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून फळं-भाज्यांना भाड्यात निम्मी सवलतही मिळाली. कोकण रेल्वेने १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात केली. घाटाचं डिझेल वाचतं, चालकाला झोप मिळते आणि दोन्ही टोकांना माल उतरवावा लागत नाही. अशी सोय लांबच्या इतर मार्गांवर का वाढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सगळ्यात अवघड भाग: हा धूर कुणाच्या खात्यावर लिहायचा?

चीनबद्दल २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००७ चे प्रांतवार आकडे घेतले होते. देशाच्या ५७ टक्के उत्सर्जनाचा संबंध अशा मालाशी निघाला, जो बनला एका प्रांतात आणि वापरला गेला दुसऱ्या प्रांतात किंवा परदेशात. किनाऱ्यावरच्या श्रीमंत प्रांतांनी वापरलेल्या मालामागचं ८० टक्क्यांपर्यंत उत्सर्जन मध्य आणि पश्चिमेकडच्या गरीब प्रांतांत झालेलं होतं. म्हणजे किनाऱ्याने स्वतःचे आकडे सुधारले, पण त्यातला बराच धूर आतल्या भागात गेला होता.

आपल्याकडेही तसंच चित्र आहे. छत्तीसगड, ओडिशा, झारखंड आणि आपलं चंद्रपूर दरडोई उत्सर्जनात वर दिसतात, केरळसारखं राज्य खाली. उत्पादन कुठे झालं यावरून मोजलं की असंच दिसणार. वापर कुठे झाला यावरून मोजलं की क्रम बदलतो. त्यात जीएसटी हा वापराच्या ठिकाणचा कर आहे, माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो. म्हणजे कर खपणाऱ्या राज्यात जातो आणि धूर बनवणाऱ्या राज्यात राहतो. कार्बन डायऑक्साइड सगळीकडे सारखाच मिसळतो, तो चंद्रपूरचा की मुंबईचा याने हवामानाला फरक पडत नाही. पण त्याच चिमणीतली धूळ आणि गंधकाचे वायू तिथल्याच लोकांच्या छातीत जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, तीत चंद्रपूर वरच्या क्रमांकावर होतं. तुमच्या निबंधात कार्बन आणि ही स्थानिक हवा यांची गल्लत होऊ देऊ नका, पण दुसरीला वगळूही नका. मी चंद्रपूरजवळच्या घुग्घुसच्या आसपास घराच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे काळे झालेले पाहिले आहेत.

एक सावधगिरीची गोष्ट माझ्याच सळईच्या उदाहरणाबद्दल. भंगार मर्यादित आहे. मी माझ्या ग्राहकाला भंगाराची सळई मिळवून दिली, तर ते भंगार ज्याला मिळालं नाही तो कदाचित स्पंज वापरेल. माझ्या ग्राहकाचा आकडा सुधारतो, देशाचा तसाच राहतो. नवं भंगार गोळा झालं किंवा स्पंजची भट्टी खरोखर बंद पडली, तरच देशाचा आकडा हलतो. कंपन्यांच्या अहवालांत ही गफलत मला वारंवार दिसते. एका कारखान्याचा फायदा आणि देशाचा फायदा यांत तुम्ही फरक करा.

आकड्यांबद्दल. आंतरराज्य व्यापार केवढा मोठा आहे, याचा अंदाज २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत आहे, तो देशाच्या सकल उत्पादनाच्या सुमारे ५४ टक्के आला होता. रेल्वेने कुठल्या राज्यातून कुठे काय गेलं, हे कोलकात्याचं वाणिज्य माहिती व सांख्यिकी महासंचालनालय प्रसिद्ध करतं. रस्त्याच्या मालासाठी ई-वे बिलांचे, म्हणजे माल पाठवताना जीएसटीसाठी काढायच्या ऑनलाइन पावत्यांचे, एकूण आकडे बघा. विजेच्या युनिटमागचा कार्बन केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. एवढ्यावर एका वस्तूचा चांगला प्रकल्प उभा राहतो. सगळ्या देशाचा मांडू नका, हाती काही लागणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर सळई किंवा सिमेंट घेतलं असतं. एक खरेदीदार, दोन पुरवठादार, एक जवळचा आणि एक लांबचा. प्रत्येकाकडे भट्टीत काय पडतं, वीज किती लागते, राख किती मिसळतात ते विचारा. मग ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात जा आणि चालकांशी बोला. किती किलोमीटर आलात हे नंतर विचारा. आधी विचारा, परत जाताना गाडीत काय भरता? काहीच नाही असं उत्तर आलं, तर तुमच्या वाहतुकीच्या आकड्याचा मोठा भाग तिथेच मिळाला. बिल्टीत, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीत, तो कुठेही लिहिलेला नसतो.